जयदेवच्या नावावरची पावलं

अमिता माझ्या वरच्या माळ्यावर राहते. कोपरखैरणे गावात, देवळामागच्या गल्लीत आमची चार माळ्यांची बिल्डिंग आहे. मी दुसऱ्यावर, ती तिसऱ्यावर. पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि पावणेसातला जातं. पंप दोन वर्षांपासून बंद आहे आणि तो कुणी दुरुस्त करायचा यावरून अख्ख्या बिल्डिंगचं भांडण आहे, त्यामुळे खालच्या नळावरून ज्याचं त्यानं भरायचं. मी एकटी, मला दोन कळश्या पुरतात. अमिताला अकरा-बारा खेपा पडतात, कारण तिची सासू कमळीबाई तीन वर्षं अंथरुणात आहे. खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. म्हातारीची आंघोळ, तिची लुगडी, तिच्या चादरी, सगळं रोज निघतं.

अमिता बेचाळीस वर्षांची. माहेर जासईचं. तिच्या वडिलांची भातशेती जिथं होती तिथं आता कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असतात. नवरा जयदेव तिथल्याच एका यार्डात कामाला. गेटवरच्या केबिनमध्ये बसून आत-बाहेर जाणाऱ्या ट्रेलरचे नंबर कॉम्प्युटरवर टाकायचे. केबिनला एसी आहे. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी त्याला घेते आणि गेटपाशी सोडते. मुलगी रुतिका पुण्याला हॉस्टेलवर असते.

मागच्या दिवाळीच्या आधी अमिताला जिन्यात चक्कर आली. रक्त तपासलं तर साखर काठावर. जयदेव तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर कोवळा पोरगा होता. त्यानं विचारलं, "व्यायाम काय करता?"

अमितानं तोंड उघडायच्या आत जयदेव म्हणाला, "काय नाय ओ. घरीच असते."

"घरातलं सगळं मीच करते," अमिता म्हणाली. "पाणी, सासूबाईंचं..."

"घरकाम म्हणजे व्यायाम नाही, मावशी," डॉक्टर लिहिता लिहिताच म्हणाला. "रोज सलग पाऊण तास चालायचं."

जयदेवला ते वाक्य फार आवडलं. डॉक्टरचं होतं ना, छापील. पाहुणे आले की तो सांगायचा, "घरात बसून बसून साखर वाढवलीन. मी बोलतोय तर पटत नाय, आता डॉक्टरच बोलला." सगळे हसायचे. अमिता चहा ओतत असायची.

कमळीबाईंनी मात्र एकदा पडल्या पडल्या विचारलं, "आमी मिठागरान दिवसभर डोकीवर टोपल्या व्हायच्या. तवा कोन बोलला नाय का कमळी व्यायाम करते."

"मग काय बोलायचे आई?" जयदेवनं विचारलं.

"काय बोलतील? मीठ भरते, बोलायचे."

नोव्हेंबरात एक दिवस जयदेवनं अमिताच्या मनगटावर एक काळा रबरी पट्टा बांधला. पावलं मोजणारा बँड. म्हणाला, "तुझ्या साखरेसाठी आणलाय. आंघोळीला पन काढू नको. किती चाललीस ते माझ्या फोनवर दिसेल, मी लक्ष ठेवीन."

ती तो दाखवायला खाली माझ्याकडे आली. हळदीचे हात पदराला पुसून तिनं मनगट पुढे केलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि न मागता या माणसानं तिच्यासाठी काही आणल्याचं मला तरी आठवत नव्हतं. तिलाही आठवत नसावं. ती लाजली होती. "बोलत नायत, पन काळजी हाय त्यांना," ती म्हणाली. मीही मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून चीड येते.

संध्याकाळी जयदेव आला की फोन उघडायचा. सतरा हजार. अठरा हजार दोनशे. बँड हाताच्या हालचालीवर चालायचा, त्यामुळे भाकऱ्या थापतानाही पावलं पडत. जयदेव खूश व्हायचा आणि म्हणायचा, "अजून वाढव." अमिताला वाटायचं, आपल्या तब्येतीसाठीच बोलतायत.

डिसेंबरात बोनकोड्याला एका नात्यातल्या हळदीला ती गेली. तिथं तिला प्राची भेटली. प्राचीचा नवरा प्रितम जयदेवच्याच यार्डात आहे, दोघींची जुनी ओळख. प्राचीनं तिला मांडवातच गाठलं.

"वहिनी, जयदेवभाऊंनी तर कमाल केली! आमचे हे पाच हजारांवर रडतात. भाऊ रोज अठरा-वीस हजार!"

"काय अठरा-वीस हजार?"

"पावलं! कंपनीची स्पर्धा नाय का? सगळ्यांना बँड दिलेत. भाऊ पयले नंबर." प्राचीनं फोन काढला. प्रितमच्या ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज तिनं स्वतःच्या फोनवर घेऊन ठेवले होते, नवऱ्याला टोचायला. अमितानं ते वाचले. नावांची यादी होती आणि सगळ्यात वर जयदेव. त्याखाली जयदेवचा स्वतःचा मेसेज, कुणीतरी 'भाऊ, रहस्य काय?' विचारल्यावर लिहिलेला: 'पहाटे चारला उठून चालतो. घरचे लोळत पडलेले असतात. इच्छाशक्ती पाहिजे.'

"पन बँड त्यांच्या हातात दिसतो का ऑफिसात?" अमितानं विचारलं.

"रबराची ॲलर्जी हाय ना त्यांना? पायात घालतात, मोज्याच्या आत. तुमाला माहीत नाय?"

अमितानं पदराखाली हात घेतला. नवरीला हळद लावली, जेवली, रिक्षानं घरी आली आणि तडक माझ्याकडे. दार लावून घेतलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि 'लोळत पडलेले असतात' एवढेच शब्द दोन-तीनदा म्हणाली, जणू तोंडात खडा आलाय आणि तो कुठल्या दाताखाली आहे ते बघतेय.

"काढून फेक तो पट्टा," मी म्हणाले. "भांडी घासायच्या पाण्यात बुडव."

"नाय," ती म्हणाली. "प्राची बोलली, जानेवारीअखेर जो पयला येईल तो कंपनीकडून पळनार. फेब्रुवारीत शर्यत हाय, दहा किलोमीटर. जासईच्याच रस्त्यावर. सगळ्या यार्डांची मानसं येनार." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना पयलंच आनते."

त्या दिवसापासून मी अमिताचं एक वेगळंच रूप बघितलं. ती जयदेवची सेवा करू लागली. आधीही करायचीच, पण आता काही उरूच दिलं नाही. सकाळचं दूध आणायला तो कोपऱ्यापर्यंत जायचा, ते बंद. गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल तो स्वतः काढायचा, तोही हातात. रविवारी मच्छी आणायला जायचा तर म्हणायची, "तुमी बसा, आठवडाभर दमता." जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, वर तुपाची धार, तळलेले बोंबील, रविवारी खाडीतल्या चिंबोऱ्या. सुट्टीच्या दिवशी त्याची दुपारची झोप मोडू नये म्हणून फोन बंद करून ठेवायची. जयदेवचं पोट शर्टाच्या बटणांमधून बाहेर बघू लागलं. त्याला वाटलं, बायको सुधारली. मला जिन्यात म्हणालाही, "हल्ली घरात शांती हाय."

आणि इकडे पावलं वाढत होती. पहाटे पाणी भरण्याआधी ती निसर्ग उद्यानात जाऊन यायची. कधी मी सोबत जायचे; मला धाप लागायची, तिला नाही. दुपारी म्हातारी झोपली की कपडे घेऊन गच्चीवर, एक एक कपडा वेगळा नेऊन वाळत घालायची. चोवीस हजार. सत्तावीस. एक दिवस तेहेतीस झाले. जिना चढताना तिचे ओठ हलताना दिसायचे. एकदा मी विचारलं, देवाचं नाव घेतेस का? "त्यांचं घेते," ती म्हणाली.

डोळे असे की मी माझी कळशी उचलून आत गेले.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी जयदेव पहिला आला. दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. यार्डाचे मोठे साहेब श्यामसुंदर यांनी सगळ्यांसमोर त्याला शाल घातली आणि कंपनीच्या पळणाऱ्यांचा कॅप्टन केलं. शाल घेऊन तो घरी आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्याला शाल हवी होती, शर्यत नको होती. शर्यत नऊ दिवसांवर होती.

अमितानं म्हातारीला ती शाल दाखवली आणि मग फोन घेऊन गॅलरीत गेली. जासईला भावाला लावला. मुद्दाम मोठ्यानं बोलली, मला खाली ऐकू आलं. "भैरूदादा, तुझे दाजी पळनार हायत! पयला नंबर आलाय त्यांचा. सगळ्यांना सांग. हो, बॅनर लाव की!"

शर्यतीआधीच्या गुरुवारी जयदेवनं पाय मुरगळून घेतला. म्हणजे तसं साहेबांना फोनवर सांगितलं. पायाला पट्टी गुंडाळली आणि दिवसभर पलंगावर आडवा. घाईत एक गोष्ट तो विसरला. बँड अमिताच्या हातात होता आणि तिनं त्या दिवशी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता.

त्या दिवसाएवढी ती कधीच चालली नसेल. मी दुपारी बँकेतून येत होते तर ती सेक्टरच्या रस्त्यावर, उन्हात, रिकामी पिशवी घेऊन झपाझपा चाललेली. मला बघून थांबली नाही.

संध्याकाळी ती चहा घेऊन पलंगापाशी उभी राहिली. जयदेवचा फोन उशाशीच होता. बँड जवळ आला की आकडा आपोआप फोनवर आणि तिथून कंपनीच्या यादीत पोचतो. अर्ध्या तासात साहेबांचा फोन आला. आवाज इतका मोठा की दारातून मीही ऐकला. मी म्हातारीसाठी पेज घेऊन गेले होते.

"जयदेव! मुरगळलेल्या पायानं चौतीस हजार? अरे, तू माणूस आहेस का कोण? मी ग्रुपवर टाकलंय सगळं. रविवारी ये, बाकी काही ऐकायचं नाही!"

फोन ठेवून जयदेव अमिताकडे बघत राहिला. "आज तू बँड घालून फिरलीस?"

"तुमीच बोललात, आंघोळीला पन काढायचा नाय. साखरेसाठी."

"चौतीस हजार?"

"डॉक्टर बोलला ना, घरकाम म्हंजे व्यायाम नाय. मग बाहेर चालले."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिला कळलंय का, हे त्याला विचारायचं होतं. पण विचारायचं म्हटलं तर आधी आपण काय केलंय ते सांगावं लागलं असतं. तो नुसता चहा प्यायला. अमितानं त्याच्या पायाची पट्टी हलक्या हातानं सोडली, घोटा दाबून बघितला आणि म्हणाली, "सूज नाय. देवाची कृपा."

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघी जासईला होतो. शेजारच्या मुलीला म्हातारीपाशी बसवलं होतं. नाक्यावर भैरूनं खरंच बॅनर लावला होता, दहा फुटी. जयदेवचा लग्नातला फोटो आणि खाली 'आमचे लाडके दाजी यांना हार्दिक शुभेच्छा'. बेंजोवाले आणले होते. माहेरची तीस-चाळीस माणसं, बायका नटून, पोरं झाडावर. अमितानं मोरपंखी साडी नेसली होती आणि अबोलीचा गजरा माळला होता. लग्नाला आल्यासारखी दिसत होती.

जयदेवला कंपनीचा पिवळा टी-शर्ट घट्ट झाला होता. सुरुवातीला तो प्रितमच्या बाजूनं पळाला, हात वर करून. माहेरच्यांनी आरोळ्या ठोकल्या. रस्ता यार्डांना वळसा घालून परत नाक्यावरून जाणार होता, साधारण अडीच किलोमीटरवर. आम्ही थांबलो. पहिले पोरगे गेले, मग बाया गेल्या, मग साठीचे दोन निवृत्त हवालदार गप्पा मारत गेले. मग जयदेव आला. पळत नव्हता. चालतही नव्हता नीट. तोंड विटेसारखं लाल, एक हात बरगडीवर. बेंजोवाल्यांनी त्याला बघितलं आणि जोरात सुरू केलं. बरोबर त्या बॅनरखाली येऊन तो दुभाजकावर बसला आणि सकाळचे पोहे रस्त्यावर ओकला.

बेंजो थांबला.

कंपनीचा डॉक्टर धावत आला. नाडी, बीपी बघितलं, पाणी दिलं, म्हणाला, "घाबरायचं कारण नाही. सवय नाहीये शरीराला, बाकी काही नाही."

श्यामसुंदर साहेब गाडीतून उतरून आले होते. ते म्हणाले, "सवय नाही कशी? हा रोज पंचवीस हजार पावलं चालतो!"

जयदेवनं मान वर केली आणि अमिताकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकते, मी तिच्या बाजूलाच होते. तो हात जोडायचाच बाकी होता. एक खोटं तिनं बोलावं, अपचन झालं, रात्री ताप होता, काहीही, आणि तो सुटला असता.

अमिता पुढे गेली. बँड त्या दिवशी त्याच्या पायात होता, खरोखरच मोज्यात. तिनं वाकून मोजा खाली केला, बँड काढला आणि आपल्या मनगटावर लावला. तिथं तीन महिन्यांचा पांढरा पट्टा उमटलेला होता, त्यावर तो चपखल बसला.

"साहेब, ती पावलं माझी हायत," ती म्हणाली. "हे गेटवर खुर्चीत बसतात. मी तीन माळे पानी भरते, सासूला उठवते, बसवते, धुते. ती पावलं. चार वाजता उठते ती मी. लोळत पडलेले असतात ते हे."

आधी प्रितम हसला. मग यार्डातले सगळे. तिचे भाऊ हसले नाहीत, भैरू तर बॅनरची दोरी सोडायला लागला. साहेबही हसत म्हणाले, "मग वहिनी, तुम्हालाच पळवायला हवं होतं!"

"मला कोनी विचारलं नाय," अमिता म्हणाली. ती हसत नव्हती. साहेबांचं हसू तिथंच विरलं.

सोमवारी जयदेवची केबिन गेली. साहेबांनी त्याला यार्डात टाकलं. कंटेनरच्या रांगांमधून फिरायचं, प्रत्येकाचं सील आणि नंबर बघायचा, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेलं डांबर. प्राची सांगते, आता तो खरंच अठरा हजार चालतो. यार्डात त्याला सगळे 'वहिनी' म्हणतात. 'वहिनी, पाच नंबरच्या रांगेत जा.'

घरी अमितानं म्हातारीचं सगळं चालू ठेवलं आणि जयदेवचं सगळं बंद केलं. ताट वाढणं, कपडे, आंघोळीचं पाणी. त्याचं पाणी आता तो भरतो. पहाटे साडेपाचला जिन्यात त्याची जड पावलं मला ऐकू येतात, प्रत्येक माळ्यावर थांबत. मी अंथरुणातून ऐकते आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटतं.

अमिताला एकाच गोष्टीनं चटका लागला. कमळीबाईंनी चार दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. मीच भरवत होते. म्हातारी मला म्हणाली, "पोर माझा लबाड हाय, ठाव हाय. पन चारचौघान असा उघडा पाडाचा? हिच्या माहेरच्यांच्या म्होरं?" अमिता दारात उभी होती, तिनं ऐकलं. आत गेली आणि बराच वेळ मोरीत पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. पाचव्या दिवशी म्हातारीला कुशीवर वळवायचं होतं. मला जमेना, जयदेवला जमेना. तो एका बाजूनं धरायचा तर ती दुसरीकडून ओरडायची. शेवटी तिनंच हाक मारली, "अमे, ये गो." अमिता आली, एक हात मानेखाली, एक कमरेखाली, आणि म्हातारी वळली. दोघींनी एकमेकींकडे बघितलंच नाही. त्या दुपारी म्हातारी तिच्या हातून जेवली.

परवा सकाळी मी दूध घेऊन वर येत होते. जयदेव दोन बादल्या घेऊन आमच्या माळ्यावर थांबला होता, भिंतीला टेकून. अमिता उद्यानात जायला खाली उतरत होती, पायात बूट, प्राची खाली वाट बघत होती. बरीच बारीक झालीय ती.

"अमे," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता. "चुकलं माझं. अजून किती दिवस असं?"

ती थांबली. मला वाटलं काहीतरी टोचून बोलेल. तिनं खरंच विचार केला, मला दिसलं ते.

"मला नाय माहीत," ती म्हणाली. "रोज बघते संपला का राग. अजून हाय."

आणि त्याच्या बादलीला धक्का लागू नये म्हणून साडी आवरून ती बाजूनं खाली गेली.